गुबऱ्याचं खाल्लेलं पान

एका जंगलात.

झालं, सुरू केली. आता तरी त्या वाचनालयवाल्यांना माझ्या दारातून हलायला सांगा. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. गोष्टी लिहायला शिकलेली माणसं असतात, त्यांच्याकडे जावं. पण नाही. "आजोबा, मुलांच्या अंकाला तुमचीच गोष्ट हवी." हवी तर घ्या. मागून कुरकुर चालायची नाही. आणि पोरांनो, आधी पान उलटून शेवट बघायचा नाही. ती सवय वाईट.

तर एका जंगलात एक पुस्तक होतं. पळसाच्या पानांवर लिहिलेलं. लिहिणारा पिंगळा कधीच मेला होता. पुस्तकाचं नाव 'गुबऱ्या आणि ढगाखालचं गाव'. अख्ख्या जंगलात पुस्तक तेवढं एकच. ज्या घरातलं पोर कळत्या वयाचं होई, त्या घरी ते जाई. आईनं नाहीतर बापानं वाचून दाखवायचं, आणि संपलं की पुढच्या घरी द्यायचं.

आता या पुस्तकाची एक गंमत होती. गुबऱ्या सुरुवातीला गुहेत असतो. आतून नुसता बोलतो. मग एक दिवस तो गुहेतून बाहेर येतो. तो दिसतो कसा, हे ज्या पानावर लिहिलं होतं, नेमकं तेच पान वाळवीनं खाल्लं होतं. पुढे सगळीकडे 'गुबऱ्या गेला', 'गुबऱ्या चिडला', 'गुबऱ्यानं ढग ढकलला' एवढंच. तो बैल की बेडूक, काही पत्ता नाही.

म्हणून जंगलात रीत पडली. त्या पानापाशी आलं की वाचणाऱ्यानं थांबायचं, पोराकडे बघायचं आणि आपल्या मनानं गुबऱ्या सांगायचा. माकडांच्या घरी गुबऱ्याला शेपूट असे. कासवांच्या घरी तो सावकाश चाले. कुणाचं कुणावाचून अडलं नाही, कारण कुणी कुणाला विचारलंच नाही.

त्या वर्षी पुस्तक साळूच्या घरी होतं. साळू म्हणजे साळिंदर. तिची पोर टोकी. साळूला तिच्या बापानं गुबऱ्या सांगितला होता. त्याचा एक कान फाटका होता, तो लंगडायचा आणि हसला की त्याचे काटे खुळखुळायचे. बाप पुढे वणव्यात गेला. साळूकडे बापाचं म्हणून तेवढंच उरलं होतं. तो गुबऱ्या टोकीला द्यायचा, हे तिनं टोकी जन्मायच्या आधीच ठरवलं होतं.

वाचन चांगलं चाललं होतं. गुबऱ्या गुहेतून बोलत होता. टोकी रोज विचारायची, "आई, आज बाहेर येतो का?"

"अजून थोडी पानं आहेत."

आणि तेवढ्यात तरस आला.

तरस पिक्चर काढायचा. कातळाला चुना फासून पडदा, भोपळ्यात काजवे कोंडून उजेड, असा त्याचा धंदा. त्यानं दवंडी पिटवली. येत्या जत्रेत 'गुबऱ्या', मोठ्या पडद्यावर.

जंगल आधी आनंदानं वेडं झालं. मग दुपारपर्यंत काळजीनं वेडं झालं. संध्याकाळी समिती निघाली. गुबऱ्या बचाव समिती. अध्यक्ष रानगवा, कारण त्याला अडवणार कोण. आणि पुस्तक साळूच्या घरी, म्हणून साळू चिटणीस.

साळूनं जत्रेला उरलेले दिवस मोजले. पिक्चर लागायच्या आत खाल्लेलं पान टोकीला सांगून झालं पाहिजे. एकदा का पोरीनं पडद्यावरचा गुबऱ्या पाहिला की आपल्या बापाचा गुबऱ्या तिच्या डोक्यात शिरायचा नाही. जागाच राहायची नाही.

"आई, आज बाहेर येतो का?" टोकीनं विचारलं.

"उद्या हं. आज बैठक आहे. गुबऱ्याला वाचवायचंय."

बैठकीत रानगवा म्हणाला, "माझी एकच मागणी आहे. पुस्तकात आहे तसंच दाखवलं पाहिजे. गुबऱ्याची शिंगं छाटलेली मी खपवून घेणार नाही."

मुंगूस म्हणालं, "शिंगं? अहो अण्णा, शिंगं असती तर बिळातून बाहेर कसा आला असता तो?"

"बीळ नाही, गुहा आहे."

"गुहा म्हणजे काय, पैसेवाल्याचं बीळ."

बगळा म्हणाला, "गुबऱ्या पांढरा आहे. एवढं तर लहान मूलही सांगेल."

"कुणाचं लहान मूल?"

"माझं."

कासव काहीतरी म्हणणार होतं, पण त्याची मान बाहेर येईपर्यंत विषय बदलला. शेवटी मारामारी टळावी म्हणून साळूनं ठराव मांडला. 'पुस्तकात आहे तसंच.' सगळ्यांनी पाय आपटून पाठिंबा दिला. जे पान कुणीच वाचलेलं नाही, त्यावर एकमत व्हायला वेळ लागत नाही. ही राजकारणातली गोष्ट झाली, ती तुम्हाला मोठेपणी कळेल. न कळली तर उत्तम.

मग शिष्टमंडळ तरसाकडे गेलं. तरस सारखा हसतो. त्यामुळे तो गमतीत बोलतोय की खरं, ते कुणाला कळत नाही.

"शेठ, तुम्ही पुस्तक वाचलंय का?" साळूनं विचारलं.

"नाही, ताई. म्हणून तर माझं मन साफ आहे. तुम्ही सांगा गुबऱ्या कसा असतो, तसा करतो. माझं काय जातंय?"

सगळे एकदम बोलले. शिंगं, शेपूट, चोच, कवच, खवले, सोंड. तरसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसला.

"मग मोर घेतो," तो म्हणाला. "मोराला बघायला गर्दी येते."

"मोर?" रानगव्याला घाम फुटला. "गुबऱ्या ढग ढकलतो, शेठ. मोर ढग बघून नाचतो."

"मग नाचत नाचत ढकलेल. एक नाच तसाही टाकायचाच होता."

त्या दिवसापासून रोज बैठक. निषेधाची बैठक, निषेध किती कडक असावा याची बैठक, मुंगसानं बैठकीत रानगव्याला काय म्हटलं त्याची बैठक. चिटणिसाला प्रत्येक बैठकीला जावं लागे.

"आई, आज बाहेर येतो का?"

"उद्या नक्की."

"तो आत करतो काय एवढे दिवस?"

"वाट बघतो."

"कुणाची?"

"बैठक संपायची," साळू म्हणाली आणि गेली.

असं करता करता जत्रा आली. पुस्तक होतं तिथंच उघडं पडलेलं, गुबऱ्या गुहेतच.

समितीनं बहिष्कार जाहीर केला. मग मुंगसानं मुद्दा काढला. बघितल्याशिवाय नावं कशी ठेवणार? लोक म्हणतील, न बघता बोलतात. मुद्दा बिनतोड होता. पहिल्याच खेळाला सगळी समिती पुढच्या रांगेत बसली.

साळूला जावंच लागलं. टोकीला ठेवणार कुणाकडे? शेजारपाजार सगळा पिक्चरला. तिनं टोकीला शेजारी बसवलं आणि मनाशी एक ठरवलं. कंदमुळं उकरून उकरून काळा पडलेला आपला पंजा तिनं तयार ठेवला.

कातळावर गुहा दिसली. आतून आवाज आला. सगळं जंगल गप्प झालं. आता बाहेर येणार, तेवढ्यात साळूनं टोकीच्या डोळ्यांवर पंजा ठेवला.

मोर बाहेर आला. नाचला. समितीनं आरडाओरडा केला. रानगवा उठून उभा राहिला, तेव्हा मागच्यांना पिक्चर दिसेना, त्यांनी वेगळा आरडाओरडा केला. मोर पडद्यावर असेपर्यंत साळूनं पंजा हलवला नाही. आणि मोर तर शेवटपर्यंत पडद्यावर होता. हात अवघडला, पण ती हटली नाही. स्वतः मात्र डोळे फाडून बघत राहिली. चिटणीस होती ना. चुका सांगायच्या तर चुका नीट बघायला नकोत?

एकदा बघून चुका मोजता आल्या नाहीत. म्हणून समिती पुन्हा गेली. पुन्हा टोकी, पुन्हा पंजा. जत्रा उठेपर्यंत हेच. जत्रेत सगळ्यात जास्त वेळा तो पिक्चर कुणी बघितला असेल, तर बचाव समितीनं. तरस त्यांना वाकून नमस्कार करायचा. हसत.

जत्रा उठली. कातळावरचा चुना पावसानं गेला. समितीचं पुढे काय झालं? रानगवा आणि मुंगूस बोलेनासे झाले, एवढंच.

साळू घरी बसली. पुस्तक उघडलं. टोकी काटे मिटून मांडीशी आली. गुहेतलं शेवटचं वाक्य वाचून झालं. पुढचं पान आलं. वाळवीची जाळी नुसती.

साळूच्या जिवात जीव आला. उशीर झाला, पण पोरीचं डोकं कोरं राखलं होतं तिनं. तिनं टोकीकडे बघितलं, बापासारखा घसा खाकरला आणि म्हणाली, "आणि मग गुबऱ्या बाहेर आला. त्याला होता एक..."

पिसारा.

साळू थांबली. डोळे मिटले. बापाचा गुबऱ्या आठवायला लागली. कान आठवला. फाटका कान. तो कान मोराच्या डोक्यावर दिसला. लंगडणं आठवलं. मोर लंगडत नाचायला लागला. खुळखुळ तर तिला ऐकूच येईना, मध्ये पिक्चरमधले ढोल वाजत होते.

"आई, थांबलीस का?"

"आठवते गं."

"रडतेस का?"

"काटा लागला."

"आपल्याला काटा लागतो?"

टोकीनं मान लांब करून पानाकडे बघितलं.

"हे तर खाल्लेलं आहे," ती म्हणाली. "मी सांगू का? मला माहितीये तो कसा असतो. मी पिक्चरमध्ये बघितला ना."

साळूनं डोळे पुसले. फटीतून बघितलं असणार कार्टीनं. "सांग," ती म्हणाली. "कसा असतो?"

"काळा असतो. एकदम काळा. त्याला तोंड नसतं. तो बाहेर येतो ना, तेव्हा इतका जवळ येतो, इतका जवळ, की डोळ्याला लागतो. ऊन ऊन असतो. त्याला कंदाचा वास येतो. आणि अधूनमधून तो थरथरतो, मग मी त्याला धरते."

साळू आपल्या पंजाकडे बघत बसली.

"भारी होता पिक्चर," टोकी म्हणाली. "तुम्ही सगळे उगाच ओरडत होतात. वाच ना पुढे."

साळूनं पान उलटलं आणि पुढे वाचायला घेतलं.

तात्पर्य: मुलांनो, एखादं पुस्तक फार आवडत असेल तर त्याच्या बचावाची समिती काढावी. म्हणजे ते वाचायला वेळ मिळत नाही आणि पुस्तक जपलं जातं. पिक्चर बघायचा तर डोळे झाकून बघावा. उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्याला या जगात आजवर काहीही आवडलेलं नाही. मला तर नाहीच.

आणि एक. आमच्या जत्रेतल्या पिक्चरच्या तंबूत मी एकदा "पुस्तकात असं नाही" असं मोठ्यानं म्हणालो होतो. खरं तेच म्हणालो. वाचलेलं एकच पुस्तक आहे माझं, ते चुकेन कसा? तरी मला भर खेळातून मानगूट धरून बाहेर काढलं. माझी एक चप्पल आतच राहिली. चप्पल गेली तर गेली. पण ज्यानं काढलं तो आज गावात पुढारी म्हणून मिरवतो, पोरांना बक्षिसं वाटतो, आणि माझ्या दारावरून जाताना दुसरीकडे बघतो. त्यानं अजून माफी मागितलेली नाही. हा अंक त्याच्या घरी जाणारच आहे, म्हणून त्याचं नाव लिहून ठेवतो: केरबा ज्ञानू नलवडे.