मोठ्या जावयाचा गड

रविवारी दुपारी एक वाजेपर्यंत योगेशला काहीही करायचं नव्हतं. नुसता स्वस्थ बसला असता तरी तो जिंकणार होता. नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही.

सातपूरच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळणारा योगेश मोबाइलवरच्या ‘ड्रॅगनगड’ नावाच्या खेळात एका काळ्याकभिन्न गडाचा धनी होता. चार बुरूज, नव्वद हजारांची फौज आणि अग्निमुख नावाचा ड्रॅगन. या खेळात लोक एकमेकांचे गड लुटतात आणि पन्नास-पन्नास जणांचे संघ करून राहतात. योगेशच्या संघाचं नाव ‘गंगाघाट वॉरियर्स’. तीन महिन्यांचा हंगाम संपताना संघात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, तो पुढच्या हंगामाचा सेनापती. त्याच्या नावापुढे सोन्याचा मुकुट येतो आणि बाकीचे एकोणपन्नास जण त्याचे हुकूम पाळतात. कंपनीत योगेशचं कुणी ऐकत नसे आणि घरी त्यालाच ऐकून घ्यावं लागे, त्यामुळे हा मुकुट त्याला चांगलाच मानवला होता. गेले चार हंगाम तो त्याने डोक्यावरून उतरू दिला नव्हता.

या खेपेला मात्र त्याच्या मागोमाग दुसऱ्या नंबरवर सोमनाथ होता, आणि सोमनाथ म्हणजे त्याचा साडू. योगेशच्या बायकोची, योगिनीची, धाकटी बहीण वेदिका हिचा नवरा.

सोमनाथची कळवणला डाळिंबाची बाग होती, दारात दोन ट्रॅक्टर होते आणि नवी पांढरी गाडी होती. हे सगळं योगेशने कसंबसं सोसलं असतं, पण माणूस स्वभावानेही चांगला होता आणि ते सोसवत नव्हतं. सासऱ्यांच्या बोअरची मोटार जळाली तेव्हा तो कळवणहून दुसरी मोटार गाडीत घालून आला होता. योगेश सासऱ्यांच्या मखमलाबादपासून सात-आठ किलोमीटरवर सिडकोत राहायचा आणि त्याला ही बातमी चौथ्या दिवशी कळली होती. सोमनाथच्या डोक्यावरचे केससुद्धा अजून सगळे जागेवर होते. योगेश मनातून जळायचा, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकाच ठिकाणी सोमनाथ त्याच्या मागे होता, ते म्हणजे ड्रॅगनगड. तिथेही त्याला योगेशनेच आणलं होतं, दिवाळीत, स्वतःचा मुकुट दाखवायला. सोमनाथने ड्रॅगन पाळला नाही की बुरूज चढवले नाहीत. त्याने गडाभोवती शेतं लावली, कोठारं बांधली आणि फौजेला पोटभर जेवू घातलं. ‘अरे, ही लढाई आहे, बाजार समिती नाही,’ असं योगेशने संघाच्या ग्रुपवर लिहिलं होतं. सोमनाथने त्याखाली हसरा चेहरा टाकला होता. आता हंगाम संपत आला होता आणि त्याच शेतांनी त्याला दुसऱ्या नंबरवर आणून बसवलं होतं.

हंगाम संपणार रविवारी दुपारी एकला. गुरुवारी सासूबाईंचा, साळूबाईंचा फोन आला. ज्येष्ठ अधिक चालू होता, म्हणजे धोंड्याचा महिना, तीन वर्षांतून एकदा येणारा जावयांचा महिना. रविवारी दोन्ही जावयांनी मखमलाबादला धोंडे खायला यायचं होतं.

“रविवारी नाही जमणार,” योगेश म्हणाला.

“का नाही जमणार?” योगिनीने विचारलं.

‘माझ्या गडावर हल्ला होईल’ हे कारण सासूबाईंना कळवण्यासारखं नव्हतं.

“सोमनाथराव कळवणहून येतायत,” योगिनी म्हणाली, “आणि तुम्हाला सिडकोतून जायला होत नाही?”

तिथे विषय संपला.

रविवारी निघण्यापूर्वी योगेशने गडावर ढाल चढवली. ढाल असेपर्यंत गडाला कुणी हात लावू शकत नाही. अट एकच, आपण कुठेही चाल करून गेलो की ढाल त्याच क्षणी गळून पडते. ढाल दीड वाजेपर्यंत टिकणार होती आणि सोमनाथ वीस हजार गुणांनी मागे होता. योगेशने फोन खिशात टाकला आणि स्कूटर काढली.

मखमलाबादच्या घरी साळूबाईंनी दोघांचे पाय धुतले, कुंकू लावलं, डोक्यावर टोप्या चढवल्या आणि खांद्यावर नवी कोरी पांढरी उपरणी टाकली. दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते. देवापुढे लाल कापडाने झाकलेली दोन वाणं ठेवली होती, तेहेतीस-तेहेतीस अनारसे आणि सोबत दिवा. योगेशने पाटावर बसता बसता तिकडे पाहिलं आणि मनातल्या मनात दोन्ही वाणांची उंची मापली. एक वाण चांगलं दीड हात उंच होतं आणि दुसरं त्याच्या निम्मंही नव्हतं. उंच वाण सोमनाथच्या बाजूला होतं.

‘मोठा जावई मी,’ योगेशच्या मनात आलं. ‘निदान धोंड्याच्या महिन्यात तरी.’

ताटं आली. पुरणाचे धोंडे, आमरस, कुरडया. साळूबाई तुपाचं भांडं घेऊन फिरू लागल्या. योगेश तिरक्या डोळ्याने मोजत होता. सोमनाथला तीन पळ्या, त्याला दोन. खरं तर त्यानेच दुसऱ्या पळीला हात आडवा धरला होता, पण ते त्याच्या हिशेबात आलं नाही.

“सोमनाथराव, औंदा बागेचा बहार कधी धरायचा?” सासऱ्यांनी, पुंजारामांनी, विचारलं. मग योगेशकडे वळून म्हणाले, “योगेशराव, तुमचं बरं हाय ना?”

“बरं आहे,” योगेश म्हणाला. त्याच्याशी सासऱ्यांचं बोलणं एवढंच असायचं.

त्याला राहवलं नाही. डाव्या हाताने त्याने फोन काढला आणि उपरण्याखाली धरला. फोन उघडायला उजवा अंगठा लागत होता आणि तो तुपाने आणि आमरसाने माखला होता. तीनदा दाबूनही फोन उघडेना. शेवटी त्याने अंगठा उपरण्याला पुसला. पांढऱ्या उपरण्यावर आमरसाचा पिवळा पट्टा उठला, पण फोन उघडला. सोमनाथ आता फक्त बाराशे गुणांनी मागे होता.

योगेशने शेजारी पाहिलं. सोमनाथचा एक हात धोंड्यात होता आणि दुसऱ्यात आमरसाची वाटी होती. फोन पाटाखाली पालथा पडला होता.

“तुझे गुण कसे वाढतायत?” योगेशने हळूच विचारलं.

“निघताना गहू सोंगायला टाकला होता, साडूभाऊ,” सोमनाथ तोंडातला घास सांभाळत म्हणाला. “एक वाजेस्तोवर येतो सगळा घरात. तुमाला नाय गाठत मी. तुमी लय पुढं हायत.”

ही शेवटची दोन वाक्यं खरी होती. सोमनाथचा गहू संपत आला होता, आणि योगेशने थोडा हिशेब केला असता तर तेही त्याला कळलं असतं. पण जळणाऱ्या माणसाला हिशेब सुचत नाही. घड्याळात बारा पन्नास झाले होते. गडापासून जवळच एक ओसाड गढी होती, ती घेतली की पाच हजार गुण मिळणार होते. योगेशने उपरणं तोंडापर्यंत ओढलं, मान खाली घातली आणि सगळी फौज, अग्निमुखासकट, गढीकडे सोडली. सोमनाथच्या नशिबी मुकुट नाही म्हणजे नाही.

ढाल गळून पडली.

वाढता वाढता साळूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मोठे जावई उपरण्यात तोंड घालून बसले होते आणि मधूनच डोकं वर काढून त्या उंच वाणाकडे बघत होते. त्या भांडं घेऊन आत गेल्या.

पाटाखालून तुतारी वाजली. संघातल्या कुणाच्याही गडावर संकट आलं की बाकी सगळ्यांच्या फोनवर ही तुतारी वाजे. सोमनाथने डाव्या हाताने फोन उलटला.

“साडूभाऊ, तुमची ढाल पडली?”

“काय पडलं?” पुंजारामांनी ताटाभोवती पाहिलं.

“आणि दुसऱ्या संघातला तो इंदूरवाला निघाला हाय तुमच्या गडावर. आठ दिवस टपून होता. तुमची फौज कुठं हाय?”

“बाहेर गेलीय,” योगेश दात आवळून म्हणाला. “तीन मिनिटांत परत येते.”

“तो दोन मिनटात पोचतो. थांबा, माझी चाळीस हजार माणसं घालतो तुमच्या गडात. धान्य सोबत देतो, तुमच्यावर भार नाय.”

“नको.”

“अहो, गड पडंल.”

“पडू दे. तुझी माणसं माझ्याकडे नकोत.”

हे वाक्य जरा मोठ्याने गेलं. पुंजारामांचा घास हातातच राहिला. “माणसं? योगेशराव, जागेचं काय भांडण झालं का? मला सांगा. मी बोलतो सोमनाथरावांशी.”

“तसं काय नाय मामा,” सोमनाथ म्हणाला, आणि तेवढ्यात त्याने बोटाने फोन दाबला. “मी पाठवली. बाकीचं मागून बघू.”

योगेशच्या फोनवर सोमनाथची फौज दिसली. झेंडे लावलेली, नीट रांगेत, पोटभर जेवलेली चाळीस हजार माणसं त्याच्या दाराशी येऊन उभी होती. खाली दोन बटणं आली: ‘आत घ्या’ आणि ‘परत पाठवा’.

आत घेतली तर गड वाचणार होता आणि मुकुटही राहणार होता. पण मग संघातल्या एकोणपन्नास जणांच्या फोनवर एकच ओळ उमटणार होती: ‘सोमनाथने योगेशचा गड वाचवला.’ सासऱ्यांचा बोअर त्यानेच वाचवला, आता हाही. त्याने अंगठा पुन्हा उपरण्याला पुसला आणि ‘परत पाठवा’ दाबलं.

इंदूरवाला बारा छप्पन्नला पोचला. रिकाम्या गडात त्याला अडवायला कुणी नव्हतं. कोठारं गेली, चारही बुरूज गेले आणि त्यांच्यासोबत गुणही गेले. मागून दमूनभागून आलेली योगेशची फौज उघड्या दारातून आपणहून सापळ्यात शिरली आणि अग्निमुखाच्या गळ्यात साखळी पडली. एक वाजता यादी लागली. मुकुट सोमनाथच्या नावापुढे होता. योगेश एकेचाळिसावा होता, नांदगावच्या एका नववीतल्या मुलीच्या खाली.

आता मात्र योगेशचे डोळे खरोखरच भरून आले. आचवून आलेल्या जावयांना वाण द्यायला साळूबाई बाहेर आल्या त्या वेळी तो उपरण्याच्या राहिलेल्या पांढऱ्या कोपऱ्याने डोळे पुसत होता.

“जावईबापू, मनाला लावून घेऊ नका,” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी उंच वाण उचलून योगेशच्या हातात दिलं. बुटकं वाण सोमनाथला मिळालं. सोमनाथने ते कपाळाला लावलं आणि सासूबाईंच्या पाया पडला. योगेशला सकाळपासून पहिल्यांदा जरा गार वाटलं. गड गेला तर गेला, पण या घरात मोठा जावई कोण हे सगळ्यांसमोर ठरलं होतं. परतताना स्कूटरवर तो चक्क गुणगुणत होता.

मागे योगिनी वाण मांडीवर सांभाळत बसली होती. मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा ती बोलली.

“एवढं काय बघत होतात हो त्या वाणाकडं?”

“मी? कुठे?”

“आईने बघितलं. आत येऊन मला म्हणाली, मोठ्या जावयाला खुपतंय, उपरण्यात तोंड घालून डोळे पुसतायत. त्यांना ते उंचच पाहिजे, तर उंचच देऊ. म्हणून तिने वाणं बदलली.”

“म्हणजे हे आपलं नव्हतं?”

“ही पितळेची समई आहे. वेदिकाची होती.”

“आणि त्या बुटक्यात काय होतं?”

“चांदीचा दिवा,” योगिनी म्हणाली. “सराफ बाजारातून घडवून आणलेला. मोठा जावई म्हणून तुम्हाला. आईने मला आठ दिवस आधी दाखवला होता, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“वेदिका शेजारी उभी होती. तिच्यादेखत काय सांगू, आमचा चांदीचा दे, तुझं पितळ ठेव? तुम्ही नुसते जेवला असता तर आपोआप तुमच्याच हातात पडला असता.”

सिग्नलला अजून एकसष्ट सेकंद होते. योगेशचा फोन वाजला. सोमनाथचा निरोप होता, नावापुढे सोन्याचा मुकुट लावून आलेला: ‘साडूभाऊ, सेनापतीचा पयला हुकूम. तुमच्या गडाच्या राखणीला माझी दहा हजार माणसं पाठवली हायत. धान्य माझं. या टायमाला परत पाठवू नका. आणि सासूबाईंचा दिवा लय झाक हाय.’ खाली दिव्याचा फोटो होता. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला तो दिवा उन्हात चमकत होता.

फोटोखाली तीच दोन बटणं आली. योगेशने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मागे बसलेल्या योगिनीच्या मांडीवरची समई पाठीला टोचत होती, आणि शेवटी त्याने ‘आत घ्या’ दाबलं. पडक्या बुरुजांमधून सोमनाथची माणसं रांगेने आत आली आणि कुणी न सांगता दगड उचलू लागली.

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजू लागले, तरी योगेश हलला नाही. त्यांची चिलखतं आपल्या फौजेच्या चिलखतांपेक्षा चांगली आहेत का, ते तो बघत होता. ती चांगलीच होती.