अठरा आकडी रखमी

आमच्या म्हसवडच्या सिदूआप्पाला मेंढरं मोजता येत नाहीत. जन्म गेला मेंढरांमागं, पण किती आहेत विचारलं की म्हणणार, "किती म्हंजी? समदी हायत!" रोज संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभा राहून एकेकाला हाक मारतो. रखमे! सुमे! महाद्या! बें ऐकू आल्याशिवाय पुढचं नाव नाही. तेवढ्यात दुसऱ्याचं जेवण होतं.

मी पडलो शिकलेला. पुण्यात वर्षभर प्रोग्रॅमिंग करून आलो, मेंढपाळांसाठी वेबसाईट केली आणि प्रत्येक मेंढराच्या कानात अठरा आकडी नंबराचा बिल्ला अडकवला. तालुका, गाव, जन्मतारीख, सगळं त्यात कोंबायची हौस! आप्पा म्हणाला, "एवढुशा कानाला एवढं दप्तर?" अडाणी माणूस, म्हणून मी हसलो.

पुढं कळप चरणीला आष्ट्याकडं गेला आणि तिथं उसात रखमी चुकली. एका बागायतदाराला सापडली. त्यानं साईटवर नंबर टाकला, तर मालक निघाला आमच्याच गावचा दुसरा मेंढपाळ, किसन! किसनानं ती आणून खुशाल आपल्या वाडग्यात घातली. आप्पा तडक माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात.

"माजी रखमी हाय ती."

"आप्पा, कॉम्प्युटर म्हणतोय किसनाची."

"त्यो तिला कवा भेटला?"

आप्पानं किसनाच्या दारात जाऊन एक हाक मारली. कुडावरनं उडी टाकून रखमी त्याच्या धोतराला येऊन चिकटली. गाव पोट धरून हसलं. किसनाला नव्हे, मला.

मग तपासलं. ब्राउझरला पंधरा-सोळा आकड्यांपर्यंतच नेमकं जमतं, पुढचे तो अंदाजानं भरतो. शेजारशेजारच्या नंबरांची शेपटं कापून त्यानं रखमीला नि किसनाच्या एका मेंढीला एकच नंबर दिला होता. आप्पाला समजावू लागलो.

"त्या आकड्याची बेरीज करनार हायस का?"

"नाही."

"मग त्याला नाव समज की रं!"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. दुरुस्ती तीच होती. नंबर गणितात न घालता अक्षरांसारखा जसाच्या तसा ठेवायचा. हे मला पुण्यात शिकवलंही होतं.

खजील होऊन साईटवर नावाचाही रकाना केला. आप्पा सांगत गेला, "ही रखमी. ही सुमी. ह्यो मेंढा महाद्या."

माझा हात थांबला. रखमाकाकूला जाऊन तीन वर्षं झाली. लेक सुमन उंब्रजला दिलेली, पोरगा महादू फौजेत.

"आप्पा, ही तर घरची माणसं."

"व्हय. घरात हाक मारली तर कोन ओ देतंय गड्या?" आप्पानं उपरण्यानं नाक पुसलं. "लिव पुढं."