हकीकत मावशीसाहेबांच्या भेटीची, म्हणजे स्टेशनावरील बाकडे काबीज केल्याची

सौभाग्यवती वज्रचुडेमंडित सकलकुटुंबधुरंधर कारभारीणसाहेब यांची सेवकास आज्ञा जाहली की, परमुलखाच्या मोहिमेहून परतल्यापासून तुम्ही येईल त्या पाहुण्यास चहासोबत जी कथा ऐकवितां, तीत पराक्रम तेवढा सांगतां आणि फजिती गिळून टाकितां, ऐसियास जे घडले ते यथास्थित लिहून काढावे, पदरचे अक्षर घालू नये. आज्ञा शिरसावंद्य. सेवक म्हणजे याच मोहिमेचे सरनोबत, ज्यांची हयात भूमापन कचेरीत परक्यांच्या जमिनींचे नकाशे काढण्यात गेली आणि स्वतः कोठे वळावे हे ज्यांस अद्याप उमगले नाही. यापुढे त्यांस सरनोबत असेच म्हटले जाईल, म्हणजे लाज थोडी दूर उभी राहील.

मोहिमेचे मूळ ऐसे. सरनोबतांच्या मातोश्रीसाहेबांस एक धाकटी बहीण, घरात तिला ठकू म्हणत. या मावशीसाहेब आपल्या दंतवैद्य चिरंजीवांसमवेत परमुलखी वास्तव्य करून होत्या, आणि दोघी बहिणी दर रविवारी फोनावर पोटभर बोलत, आणि मग मावशीसाहेबांचे कान फितूर जाहले, मग इकडून मातोश्रींनी ओरडावे आणि तिकडून मावशीसाहेबांनी काही न उमजता नुसते हो हो म्हणावे, ऐसे चालले. एके रविवारी मातोश्रींनी पडल्याचे आणि गुडघा सुजल्याचे वर्तमान सांगितले, त्यावरही तिकडून हो हो, छान, असे उत्तर आले. त्या दिवसापासून मातोश्रींनी फोन हाती धरणे सोडले. मावशीसाहेबांस विमानप्रवासाची वैद्यांची सक्त मनाई होती. सबब मातोश्री सरनोबतांस एवढेच बोलल्या :

"मला तिच्या शेजारी बसायचंय. तुमचं काय बघायचं ते बघा."

सरनोबतांनी यातील 'बघा' एवढाच शब्द उचलला. मग त्यांनी नकाशे पसरिले, रंगीत पेन्सिली परजल्या, आणि राजवाडा, मनोरा, संग्रहालय, नौकाविहार ऐसे एकामागून एक ठाणे घेण्याची तजवीज केली, आणि मावशीसाहेबांस अखेरच्या दिवशी सकाळची न्याहारी आणि विमानतळाकडे जाणारी बस यांच्या मधल्या फटीत बसविले. कारभारीणसाहेबांनी हरकत घेतली की, आपण जातो कशासाठी आणि मांडून काय ठेवले आहे. त्यावर सरनोबतांनी जबाब दिला की, कचेरीतील मंडळी मावशीचे फोटो पाहत नसतात. हा जबाब त्यांना पुढे बराच महागात पडला.

तेथून कूच जाहले. राजवाडा सर केला, म्हणजे मुदपाकखान्याच्या दाराने शिरून त्याच दाराने बाहेर आले, कारण सरनोबतांनी नकाशा उलटा धरिला होता. मनोऱ्याखाली रांगेत अर्धा दिवस खर्ची पडला आणि वर पोचतात तो चहूंकडे ढग. परंतु सरनोबत डगमगले नाहीत. त्यांनी ढगात बोट रोखून, ही नदी, हा पूल, ऐसा सारा मुलूख दाखविला, मग उतरून पाहतात तो नदी पाठीमागे निघाली. मातोश्रीसाहेब या सर्व काळ खाली पिशवी मांडीवर घेऊन बसत आणि कोणी वरून आले की विचारीत, आज कितवा दिवस. सरनोबतांस वाटे, मातोश्री दमल्या. त्या दिवस मोजीत होत्या.

आता भीड नामक शत्रूची कथा लिहितो, कारण या घराण्याची धूळधाण त्यानेच केली. दंतवैद्यांचे गाव रेल्वेने फार दूर नव्हते. त्यांचा खलिता आला की, आम्ही आईसह स्टेशनावर घ्यायला येतो. सरनोबतांनी उलट कळविले की, तसदी घेऊ नये, आम्हीच घरी येऊ. तिकडून, छे, तसदी कसली. इकडून, मुळीच येऊ नये. तिकडून, येणार म्हणजे येणार. मग सरनोबतांनी मनात मसलत केली की, ठरल्या गाडीच्या आधीची गाडी धरावी, आणि ते घरून निघण्यापूर्वीच त्यांच्या दारात उभे ठाकावे. ही मसलत त्यांनी कोणास सांगितली नाही, आणि आपल्या हुशारीवर खूष होऊन वाटेत खिडकीबाहेरची शेते फोनात इतकी टिपली की फोनाने प्राण सोडला. कारभारीणसाहेबांचा फोन, एका घरास दोन कशाला, या सरनोबतांच्याच फर्मानाने मुक्कामी पेटीत बंद होता.

येणेप्रमाणे स्वारी लवकर उतरली, स्टेशनाच्या मागील दाराने भाड्याची मोटार करून मावशीसाहेबांच्या दारी पोचली, तो दारास कुलूप. कारण दंतवैद्यही त्याच रक्ताचे, पाहुण्यांस क्षणभर तिष्ठावे लागू नये म्हणोन ते मावशीसाहेबांस घेऊन फार लवकर निघून स्टेशनाच्या पुढील दारी उभे होते. ठरली गाडी आली, कोणी उतरले नाही, फोन लागेना, मग त्यांनी ताडले की मंडळी भिडेने परस्पर घरी गेली असणार, आणि ते मोटार घेऊन घराकडे धावले. त्याच वेळी सरनोबतांनी ताडले की ते स्टेशनावर असणार, आणि स्वारी बसमध्ये बसून तिकडे निघाली. निम्म्या वाटेवर सरनोबतांनी पुन्हा ताडले की, आता ते घरी परतले असतील, सबब सर्वांस उतरवून उलट्या बसमध्ये बसविले. इतक्यात दंतवैद्य घराचे कुलूप पाहून स्टेशनाकडे वळले होते. स्वारी पुन्हा कुलपापुढे. शेजारच्या घरी माणसे दिसत होती, तेथून फोन करता आला असता, परंतु अनोळखी माणसास त्रास कसा द्यावा, ऐसे म्हणून सरनोबत पायरीवर उभे राहिले. दुपारची परतीची गाडी चुकली तर विमान चुकणार होते, आणि गाडी धरली तर मातोश्री बहिणीस न पाहताच परत जाणार होत्या. कारभारीणसाहेब एकदा घड्याळाकडे आणि एकदा सरनोबतांकडे पाहत होत्या, हे सर्वांत भयंकर होते.

सरनोबत तिसऱ्यांदा ताडू लागले, तेव्हा मातोश्रीसाहेब पायरीवरून उठल्या.

"पुरे तुझं. ठकू स्टेशनावर आहे."

सरनोबतांनी अर्ज केला की, मुलगा त्यांस सोडून कसा जाईल, त्याही त्याच्या मोटारीत असणार.

"तो कुठेही जाऊ दे. लहानपणी बाजारात हात सुटला होता आमचा. तेव्हा मी तिला सांगितलंय, चुकलीस तर जागची हलू नकोस, मी येते. ती हललेली नाही. तू मला फक्त तिथं ने."

सत्तरी उलटलेली बाई परमुलखात ही आज्ञा पाळीत बसली असेल, हे सरनोबतांस पटेना. परंतु स्वतःची मसलत सकाळपासून मातीत गेली होती, मग निमूटपणे जाणे आले.

स्टेशनाच्या पुढील दारी, तिकीटखिडकीच्या बाजूस एक लाकडी बाकडे होते, आणि त्यावर मावशीसाहेब दोन्ही हातांनी पिशवी धरून बसल्या होत्या. चिरंजीवांनी दोनदा चला म्हणोन विनविले होते आणि दोनदा त्यांनी मान हलविली होती. मातोश्री दुखऱ्या गुडघ्याने, कोणाचा हात न घेता चालत गेल्या आणि शेजारी बसल्या.

"किती उशीर केलास, ताई."

"नकाशा होता ना बरोबर."

मावशीसाहेबांनी डावा कान पुढे केला, त्या बाजूस अद्याप थोडे ऐकू येत असे, आणि मातोश्रींनी तोंड तेथे नेले, आणि जे काय रविवारांचे तुंबले होते ते वाहू लागले. ओरडावे लागले नाही. दंतवैद्य घामाघूम होऊन आले आणि घरी चला, पाने वाढतो, म्हणू लागले, तेव्हा कारभारीणसाहेबांनी बोट ओठांवर ठेवून त्यांस जागीच रोखले. सरनोबतांनी जवळचा किल्ला उभ्या उभ्या उरकण्याची गोष्ट काढिली, त्यांसही तेच बोट दाखविण्यात आले. मग दोघे मावसबंधू तिकीटयंत्रामागे उभे राहून, तुम्ही उगाच तसदी घेतली, छे, तुम्हीच घेतली, ऐसे हळू आवाजात लढत राहिले. सरनोबतांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी परमुलखाच्या वाऱ्यावर लोटले. स्टेशन बंदिस्त होते.

परतीची गाडी लागली. मातोश्री उठल्या आणि डाव्या कानात बोलल्या :

"मी गेले की घरी जा हो. इथं बसून राहू नकोस."

"तू परत येणार असलीस तर बसते," मावशीसाहेब म्हणाल्या.

मातोश्रींनी बहिणीची पिशवी तिच्या मांडीवर नीट ठेवली आणि त्या गाडीकडे वळल्या. गाडीत बसल्यावर मुक्काम येईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून होत्या.

ऐसी मोहीम फत्ते जाहली. राजवाडा मागच्या दाराने पाहिला, मनोरा ढगात गेला, किल्ला राहिला, आणि काबीज जाहले ते एक लाकडी बाकडे, तेही सरनोबतांच्या मसलतीस न जुमानता. कचेरीत ढगांचे फोटो कोणी दोनदा पाहिले नाहीत. शेजारणींनी मातोश्रीसाहेबांस पुसिले की, एवढ्या लांब जाऊन काय काय पाहिलेत. तेव्हा त्या म्हणाल्या की, स्टेशनात एक बाकडं होतं, फार छान होतं. हे कारभारीणसाहेबांनी वाचून, खाडाखोड न करता मंजूर केले असे.