मशीन खाली आहे ना?

चालायचं मशीन घरात येऊन दीड महिना होत आला, तरी ते ठेवायचं कुठे हा प्रश्न काही सुटत नव्हता. राजेंद्र तांबेच्या रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी रोज चाला म्हणून बजावलं, आणि महाडच्या पावसाळ्यात चिखल तुडवत कोण चालणार, म्हणून राजेंद्रने ते धूड घरात आणून उभं केलं. पहिले दोन दिवस तो हौसेने चालला. तिसऱ्या दिवशी मशीनच्या दांडीवर टॉवेल वाळत पडला. मग टॉवेलाच्या सोबतीला बनियन आलं, मोजे आले, छत्री आली, आणि बघता बघता तिथे वस्तीच झाली.

मशीन आधी बैठकीच्या खोलीत होतं, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर. "बाबासाहेबांनी काय रोज तुमचे बनियन बघायचे?" असं दीप्तीने विचारलं, तेव्हा राजेंद्रलाही ते पटलं. स्वयंपाकघरात नेलं, तर फ्रिजचं दार उघडेना. झोपायच्या खोलीत नेलं, तर पलंगावर उडी मारून चढायची पाळी आली; आणि तेवढी उडी राजेंद्रच्या पोटाला झेपली असती, तर मशीन आणावंच कशाला लागलं असतं? पडवीत ठेवलं, तर शेजारच्या आनंदीबाईंची मांजर त्याच्यावर व्याली. पिल्लं हिंडूफिरू लागेपर्यंत थांबून मशीन पुन्हा बैठकीत आलं, आणि लगेचच्या रविवारी दीप्तीच्या पायाची करंगळी त्याला अशी काही ठेचली की तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"उद्या मी शाळेतून येईपर्यंत हे वरच्या खोलीत गेलेलं पाहिजे," ती करंगळी धरून म्हणाली. "नाहीतर मी पोलादपूरलाच खोली घेऊन राहते."

दीप्ती पोलादपूरच्या शाळेत शिकवायची आणि रोज एसटीने जाऊन येऊन करायची, त्यामुळे या धमकीत दम होता. सोमवारी राजेंद्रला बदली रजा होती. डोंगरावरच्या वाडीतून दूध घालायला येणाऱ्या कुशाबाला त्याने हाताशी धरलं. वर जायचा जिना घराच्या बाहेरून, अगदी गल्लीच्या तोंडावर. दोघांनी मशीन पायरी पायरीने वर चढवलं, तेव्हा राजेंद्रच्या तोंडाला फेस आला.

"सायेब, येवढं जड वर कशाला नेताय?" कुशाबाने विचारलं.

"खाली नको म्हणून," राजेंद्र धापा टाकत म्हणाला. त्याला त्याहून जास्त बोलता येत नव्हतं. कुशाबा किटल्या उचलून चालता झाला, आणि राजेंद्र फोनचा आवाज बंद करून आडवा झाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. राजेंद्र तहसील कचेरीत अव्वल कारकून होता आणि पावसाळ्यात त्याची नेमणूक असायची पूर नियंत्रण कक्षात. सावित्री नदी किती चढली, वर महाबळेश्वर-पोलादपूरकडे पाऊस किती पडला, हे गल्लीत सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं. राजेंद्र म्हणेल तेव्हाच सामान वर न्यायचं, असा गल्लीचा शिरस्ताच होता. साखर वाढली तर वाढो, पण आपला शब्द खाली पडता कामा नये, हा त्या माणसाचा एकुलता एक अभिमान.

कुशाबाने खोटं काही सांगितलं नाही हो. उगाच त्याच्यावर आळ नको. आनंदीबाईंनी दुधाला उशीर का झाला म्हणून विचारलं, आणि त्याने सांगितलं की सायेबांचं मशीन वर नेलं. बस, एवढंच.

आनंदीबाईंनी आभाळाकडे पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं. पण महाडचं माणूस महाडचं आभाळ बघून कधी फसत नाही. पाणी इथलं नसतंच, वरचं असतं. म्हणून त्यांनी थेट पोलादपूरला दीप्तीला फोन लावला. दीप्ती वर्गात होती. "इथे तर ऊन आहे, काकी. ठेवते, मुलं बसलीयत," असं म्हणून तिने फोन बंद केला. आनंदीबाईंनी त्याचा अर्थ लावला: सरकारी माणसाची बायको, तिला बोलायची बंदी असणार. मग राजेंद्रला फोन केला. तो उचलेना. म्हणजे कक्षात पोचलासुद्धा.

आनंदीबाईंचा फ्रिज जिन्याला लागला. समोरच्या अरविंद किराणावाल्याने फ्रिज बघितला आणि साखरेची पोती माळ्यावर चढवायला घेतली. पोती बघून शेजारच्या कापडवाल्याने तागे उचलले. तागे बघितल्यावर बाजारपेठेला आणखी काय सांगायला लागणार? दुपारपर्यंत लोकांनी गाड्या हायवेच्या चढावर नेऊन लावल्या, आणि महाडच्या खालच्या मजल्यावरचं जग वरच्या मजल्यावर निघालं.

राजेंद्रला जाग आली ती या गलबल्याने. डोळे चोळत तो बाहेर आला आणि बघतो तर काय, अख्खी गल्ली डोक्यावर सामान घेऊन चाललेली.

"पाणी किती?" त्याने अरविंदला विचारलं.

"तेच तर विचारतोय," पोतं पाठीवर घेतलेला अरविंद म्हणाला. "किती?"

राजेंद्रने खिशातून फोन काढला. न उचललेल्या फोनांची ही रीघ, आणि त्यात तहसीलदार मॅडमचेही फोन. त्याच्या काळजात धस्स झालं. आपण घोरत पडलो आणि नदी आली! नोकरी गेली, शब्द गेला, आता निदान संसार तरी वाचवावा म्हणून तो घरात धावला, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि गल्लीदेखत जिना चढून गेला.

गल्लीत जे दोन-चार जण अजून मागेपुढे पाहत होते, त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचाही धीर सुटला.

कचेरीत पोचेपर्यंत राजेंद्रचा शर्ट घामाने चिंब झाला होता. मॅडम टेबलाशी उभ्या होत्या. समोर त्यांनी जीप पाठवून बोलावून घेतलेला अरविंद होता, आणि त्याच्याबरोबर आणलेल्या आनंदीबाई खुर्चीत छत्री धरून बसल्या होत्या.

"तांबे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नदी इशारा पातळीच्या कितीतरी खाली आहे. मग शहर वर का चाललंय?"

राजेंद्रने आ वासला. नदी खाली आहे? म्हणजे हे सगळं आलं कुठून? लोकांच्या मूर्खपणाला हद्द राहिली नाही, असं तो तावातावाने म्हणाला, आणि अशी अफवा उठवणाऱ्याला चांगली अद्दल घडवली पाहिजे, असंही वर म्हणाला. मॅडमनी अरविंदकडे पाहिलं. अरविंदने आनंदीबाईंच्या फ्रिजचं नाव घेतलं. आनंदीबाईंनी छत्री उचलली आणि तिचं टोक राजेंद्रच्या पोटावर टेकवलं.

"ह्याचं मशीन वर गेलं. मग मी काय खाली बसून रहायचं?"

राजेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन, कुशाबा, करंगळी, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. खुलासा करायला गेला, तर करंगळीच्या पुढे त्याला जाता येईना. मॅडमनी त्याला थांबवलं. गाडीवरून लाउडस्पीकर फिरवून झाला होता, पण लोक ऐकत नव्हते. नदी चढली नाही म्हणता, तर तांबेसाहेबांचं मशीन वर का, असं उलट विचारत होते.

"आत्ता घरी जा," मॅडम म्हणाल्या, "आणि ते मशीन खाली आणा. सगळ्यांसमोर. आणि पावसाळा संपेपर्यंत मला विचारल्याशिवाय ते हलवायचं नाही. पुन्हा असं झालं तर तुम्ही कक्षात दिसणार नाही."

कुशाबाला पुन्हा बोलावणं धाडलं. मशीन जिन्यावरून उतरू लागलं तशी गल्ली मुकाट्याने बघत उभी राहिली. ते बैठकीत जाऊन टेकलं, आणि अर्ध्या जिन्यात अडकलेला आनंदीबाईंचा फ्रिज तिथूनच माघारी फिरला. नेमकी त्याच वेळी दीप्ती एसटीतून उतरून दारात आली. करंगळीला पट्टी, हातात पर्स. तिने मशीनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या घरात काय कुठे ठेवायचं ते आता तहसीलदार ठरवणार," ती म्हणाली, आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्यानंतर गल्लीला एक सवयच लागली. येता-जाता जो तो तांब्यांच्या खिडकीतून आत डोकावायचा. मशीन खाली आहे ना? मग झालं तर.

ऑगस्टमध्ये मात्र वर धो धो पाऊस कोसळला आणि सावित्री खरोखर चढली. कक्षात राजेंद्र होता. त्याने भोंगा वाजवला, लाउडस्पीकरवर स्वतः बोलला, घसा बसेपर्यंत बोलला. बाकीचं शहर हललं. त्याची गल्ली ढिम्म. घाबराघुबरा होऊन त्याने आनंदीबाईंना फोन केला.

"अरे, पण मशीन खाली हाय की तुझं," त्या म्हणाल्या. "मी आत्ताच बघून आले."

राजेंद्रने फोन ठेवला. जीपवाल्याला विनवून तो घरी आला. वाटेत त्याने मॅडमना फोन लावला. मशीन हलवायची परवानगी मागताना त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं. मॅडम म्हणाल्या, विचारताय काय, उचला. शाळांना सुट्टी दिल्यामुळे दीप्ती घरीच होती. नवरा-बायकोने मशीनला हात घातला, आणि ते पहिल्या पायरीवर टेकायच्या आत अरविंद धावत आला, कापडवाला आला, त्यांनी ते अलगद वर पोचवलं आणि आपापल्या घरी पळाले. मग गल्ली जी हलली! संध्याकाळी गुडघाभर पाणी आत शिरलं, पण कोणाचं चमचाभर सामान भिजलं नाही.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं, पालिकेच्या माणसांनी गाळ काढला, लाईट आली. राजेंद्रने स्पीकरवरून सांगितलं की धोका टळला. पण त्याच्या गल्लीत कोणी खाली उतरेना. जो तो गॅलरीत बसून तांब्यांच्या जिन्याकडे डोळे लावून होता. राजेंद्र वर गेला. दीप्ती मशीनच्या पट्ट्यावर मांडी घालून चहा पीत होती. धुतलेली, मोकळी बैठक तिने सकाळी खाली जाऊन डोळे भरून पाहिली होती.

"अगं, ऊठ," तो काकुळतीला आला. "लोक उपाशी बसलेत वर."

दीप्तीने चहा संपवला. "खाली नेऊ या," ती म्हणाली. "पण माझी अट आहे. तुम्हाला नाही, गल्लीला." आणि ती उठून गॅलरीत गेली. "काकी, मशीन खाली येतंय. पण हे रोज सकाळी त्याच्यावर चालतात की नाही, ते तुम्ही बघायचं. बनियन वाळत घातलेलं चालणार नाही."

आनंदीबाईंनी तिथल्या तिथे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंद्र मशीनवर चढला, तेव्हा खिडकीचा एकही गज मोकळा नव्हता. तो चालू लागला. थोड्याच वेळात त्याला धाप लागली, पोटरीत गोळा आला, आणि त्याने बंद करायच्या बटणाकडे हात नेला. खिडकीतले चेहरे एकदम पांढरे पडले. मागे उभ्या असलेल्या अरविंदने तर साखरेचं पोतं खांद्यावर घेतलंसुद्धा.

"थांबू नको रे राजेंद्रा," आनंदीबाई गज धरून म्हणाल्या. "तू थांबलास की आमच्या काळजात धस्स होतं."

राजेंद्रने बटणावरचा हात काढून घेतला आणि तो चालत राहिला.