पयले नवरी जिती राह्यली पाह्यजे

आमच्या वडनेर भोलजीत लग्न ठरलेली पोरगी आधी सुमनताईंच्या ओसरीवर जाऊन उकिडवी बसते. तीसुद्धा लग्नातला शालू नेसून, नथ घालून. समोर पाटावर बसलेल्या सुमनताई हुकूम सोडतात, "बस. आता ऊठ. आता शिंक." उकिडवं बसता आलं नाही तर शालूच्या पिना कमी करायच्या, शिंकेसरशी नथ पडली तर नथ बदलायची. "फोटोचं मंग पाहू," त्या म्हणतात, "पयले नवरी जिती राह्यली पाह्यजे."

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांची सगळी शिकवणी मला फुकटात ऐकू येते. ब्लाउज असा शिवा की हार घालताना हात वर गेला पाहिजे, "नाई तं नवऱ्याले गुडघ्यावर बसवा लागते!" मेंदीआधी पोटभर जेवून घ्या, मग दिवसभर कोणी भरवणारं मिळत नाही. कमरेच्या बटव्यात लिपस्टिक नको, शेंगदाण्याचे लाडू ठेवा. आणि सासरी पाऊल ठेवल्याबरोबर नणंदेला एकच गोष्ट विचारा, संडास कुठं आहे.

पोरी खिदळतात, पण ऐकतात. सुमनताईंना दोन मुलगे, दोघंही बाहेरगावी. मुलगी नाही. मग दुसऱ्यांच्या मुलींवर एवढा हक्क कशाला, असं मला नेहमी वाटायचं. कोणासमोर बोलले मात्र नाही.

यंदा माझ्याच पल्लवीचं लग्न ठरलं, मुलगा बीबी गावचा. मी म्हटलं, आता तरी माझी पाळी. मी हिरवा शालू पसंत केला, तर पल्लवी म्हणाली, "सुमनकाकूले दाखवू." बीबीपर्यंतच्या लांबच्या प्रवासाला कोणती साडी नेसायची ते मी सांगितलं, तर म्हणाली, "काकू तं सुती म्हणतात." शेगावला दर्शनाला गेलो तेव्हा रांगेत माझ्या पोरीनं माझ्याशी चार शब्द बोलावेत ना? ती फोनवर काकूंना विचारत होती, गजरा मोगऱ्याचा घेऊ की शेवंतीचा. जन्म मी दिला, ताप आला तेव्हा उशाशी मी बसले, आणि गजरा ठरवणार ह्या बाई!

कहर झाला तो पाठराखिणीवरून. नवरीसोबत माहेरची एक बाई पहिले काही दिवस सासरी जाऊन राहते, ती पाठराखीण. मलकापूरची माझी बहीण जाणार होती. तिनं त्यासाठी दोन साड्यासुद्धा घेऊन ठेवल्या होत्या. जेवताना पल्लवी सहज म्हणाली, "आई, मी सुमनकाकूले म्हटलं, तुमीच चला माह्यासंगं."

मी ताट तसंच ठेवलं आणि पदर खोचून शेजारी गेले.

सुमनताई अंगण झाडत होत्या. पायात पल्लवीच्या नव्याकोऱ्या, खड्यांच्या चपला. मला पाहून म्हणाल्या, "नव्या चपला चावतात बाप्पा. पोरीले टाइम नाई, म्हटलं आपणच घालून सैल करून द्याव."

टाचा सोललेल्या दिसत होत्या. तरी मी माझं घोडं दामटलंच. "ताई, पाठराखीण म्हणून माही बहीण चालली हाये. तुमाले कायले तरास?"

"हाव, बहीणच जाऊ द्या. मी पोरीले नाईच म्हटलं होतं," त्या लगेच म्हणाल्या. मग झाडू थांबवला. "फकत तिले गाडीत तुमच्या डोयासमोर बसवजा."

"काऊन?"

"माह्या लग्नात मोठी बहीण होती पाठराखीण. गाड्या दोन. ह्या गाडीतले म्हणे थे त्या गाडीत हाये, त्या गाडीतले म्हणे ह्या गाडीत. बाई राह्यली मांडवात अन् मी आली एकटी!" त्या हसल्या. मीही हसले. "सासरी ताटातल्या तांदयात माहं नवं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकायपासून सासू हाका मारून राह्यली, सुमन, ओ सुमन. मले वाटलं, असंन घरातली कोणी. मी आपली कोपऱ्यात बसून. दुपारलोक गावात झालं, नवरी बहिरी हाये म्हणून. संगं कोणी असतं तं कोपरानं ढोसलं असतं, का बाई, सुमन म्हंजे तूच."

त्या पुन्हा झाडायला लागल्या. घरी येऊन मी बहिणीला फोन केला, तू राहू दे म्हणून. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

लग्न झालं. बिदाईला पल्लवी माझ्या गळ्यात पडून रडली, पण एका हातानं सुमनताईंचा पदर घट्ट धरून. तेव्हाही मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? दोघी एकाच गाडीत बसल्या. मी खिडकीत डोकं घालून दोनदा पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पल्लवीचा फोन आला. आवाज खुशीत होता. जेवली होती, झोपली होती. मग हळूच म्हणाली, "आई, काकूचं काहीतरी येगळंच चालू हाये. इथं साऱ्याइले आपलं नाव द्वारका सांगून राह्यल्या. माह्या सासूबाई हाक मारतात, द्वारकाताई, चहा घ्या. काकू अशा पटकन 'ओ' देतात, हातातलं काम टाकून. दिवसभर नुसत्या हसून राह्यल्या. हे काय हाये वं?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आई? म्या काय सांगू लोकाइले?"

"काईच नको सांगू," मी म्हटलं. "सासूबाईले म्हणाव, द्वारकाताईले अजून दोन दिवस ठेवून घ्या."