कुंदामावशींचा केक आणि पर्यायी घटक समिती

याऐवजी ते चालेल का, या एका प्रश्नावर मानवी संस्कृती उभी आहे. कधीतरी कुणीतरी दगडाऐवजी लोखंड चालेल का असं विचारलं, आणि पुढे त्यातूनच आमच्या जबलपूरच्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. त्या फॅक्टऱ्यांमध्ये आणि रेल्वेत नोकरी करायला नागपूर-अमरावतीकडून जी मराठी कुटुंबं आली, त्यांनी हा प्रश्न संध्याकाळी डब्याबरोबर घरी आणला आणि स्वयंपाकघरात कायमचा ठेवला. आमच्याकडे पाककृती वाचतात ती त्यातलं काय काय घालायचं नाही हे ठरवण्यासाठी.

प्रस्तुत हकीकत विजय नगरमधल्या आमच्या मराठी मंडळाने नेमलेल्या 'पर्यायी घटक निश्चिती समिती'ची आहे. मी तिचा सचिव होतो. समितीने सात आठवड्यांत अकरा बैठका घेतल्या आणि केकचे आठ नमुने तयार केले. त्यांपैकी पाच खाल्ले गेले, दोन पुरले गेले आणि एकाबद्दल पुढे योग्य जागी माहिती दिली आहे.

सुरुवात कुंदामावशींपासून झाली. मावशी रेल्वेच्या इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. एकट्या राहतात. कॉलनीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं आहे, त्यामुळे लोक त्यांच्याशी आदराने आणि समोरासमोर उभं राहूनच बोलतात. तीस मे रोजी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मंडळाने औक्षण, शाल आणि श्रीफळ असा कार्यक्रम ठरवून त्यांना कळवला. शाल त्यांनी ताबडतोब नाकारली (मे महिना आणि जबलपूर, दोन्ही कारणांनी).

"मला केळ्याचा केक खाऊ घाला," त्या म्हणाल्या. "नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी नुसती रडून राहिली होती. घरची आठवण, दुसरं काय. आमच्या अँग्लो-इंडियन मेट्रनबाईनं तिच्या हातचा केक आणून समोर ठेवला. तसा एकदा पुन्हा खायचा आहे. मीच केला असता रे, पण हे पाहा न."

'हे' म्हणजे उजव्या हाताचं प्लास्टर. एप्रिलच्या सुरुवातीला अंगणात घसरून मावशींचं मनगट मोडलं होतं.

मेट्रनबाईंची कृती मावशींना तोंडपाठ होती. तीन पिकलेली केळी, दोन अंडी, मैदा, लोणी, साखर, मूठभर अक्रोड, चमचाभर बेकिंग पावडर. सगळं एकत्र करायचं, फेटायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. कृती इतकी सोपी होती की मंडळाला तिच्यावर समिती नेमण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

अध्यक्षपदी विनयजींची एकमताने निवड झाली. विनयजी फॅक्टरीच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं होते. ठरलेला माल मिळत नसेल तर त्याऐवजी दुसरा वापरायला जी लेखी परवानगी काढावी लागते तिला तिथे 'डेव्हिएशन' म्हणतात. विनयजी हा शब्द आजही उभं राहून उच्चारतात. त्यांच्या घरी तुरीच्या डाळीऐवजी मुगाची लावायची असेल तरी वहिनींना तीन प्रतींत अर्ज द्यावा लागतो, असं लोक म्हणतात (ही अतिशयोक्ती आहे, दोनच प्रती लागतात). त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. एका वेळी एकच घटक बदलायचा, तो बदल तपासायचा, चालण्यासारखा असेल तर शिक्का मारायचा आणि पुढच्या घटकाकडे वळायचं. प्रत्येक बदल एकेकटा तपासला असता निर्दोष ठरला. सगळे बदल एकत्र तपासायला नियमावलीत कुठेही सांगितलेलं नाही.

पहिला नंबर अंड्याचा लागला. मंडळाच्या सभागृहात अंडं आणायचं नाही असा जुना ठराव आहे. चार सदस्यांपैकी तीन जण अंडं खातात, पण समिती खात नाही. (पहिली बैठक संपल्यावर सदस्य सदर बाजारात ऑम्लेट खायला गेले. ती बैठकीबाहेरची बाब आहे.) अंड्याऐवजी एक कुस्करलेलं केळं चालतं, हे सदस्य राजश्रीताईंनी मोबाइलवर शोधून दाखवलं. विनयजींनी शिक्का मारला. केळी तीनाची पाच झाली.

राजश्रीताई सकाळी बागेत योगाचे वर्ग घेतात आणि दिवसभर इतरांच्या ताटात पाहतात. मैद्याचं नाव ऐकताच त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मैद्याऐवजी कणीक घातली तेव्हा दुसऱ्या नमुन्याचा रोट झाला. तिसऱ्याबद्दल न लिहिणं बरं. चौथ्यात रवा होता, आणि लोणी संपल्यामुळे तूप होतं. हा नमुना मात्र सदस्यांनी पातेलं खरवडून खाल्ला. दोघांनी आणखी मागितला. राजश्रीताईंनी साखरेचं नावसुद्धा काढलं नाही. मग मावशींना बोलावून चव दाखवली.

"हा तर सत्यनारायणाचा शिरा आहे," मावशी म्हणाल्या.

तपासणीअंती तो शिराच निघाला. पूजा न होता प्रसाद झाल्याचं लक्षात आल्यामुळे सदस्यांनी घाईघाईने हात जोडले आणि नमुना रद्द करण्यात आला. मैद्याच्या जागी कच्च्या केळ्याचं पीठ आलं. हे पीठ उपासाला चालतं, त्यामुळे कुणी मागणी केलेली नसताना केक एकादशीलाही चालू लागला. समितीने ही अतिरिक्त उपलब्धी म्हणून नोंदवली.

लोण्याला हरकत घेतली आल्हादने. आल्हाद सिविल लाइंसमध्ये केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला आहे. वय बत्तीस, रोज व्यायामशाळेत जातो, आणि वर्षातून चार वेळा रक्त तपासून घेतो.

"मावशी, बटर तो पूरा ज़हर है," तो म्हणाला. "माझा कोलेस्टेरॉल पाहून मी तर डरूनच गेलो. त्याच्याऐवजी केळं मॅश करून टाका न, टेक्स्चर सेम टू सेम."

"अरे, पण केक मी खाणार आहे न, तू नाही," मावशी म्हणाल्या.

या सूचनेची नोंद घेण्यात आली.

साखरेऐवजी काळे डाग पडलेलं केळं. अक्रोडाऐवजी, विनयजींच्या कवळीचा विचार करता, सुकवलेलं केळं. बेकिंग पावडरच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावूनही कुणाला वाचता आली नाहीत. जे वाचता येत नाही ते पोटात घालू नये, असं ठरलं. केक मग फुगेना. त्यावर विनयजींनी स्पष्ट केलं की फुगणं ही केकची गरज आहे, खाणाऱ्याची नाही.

ओव्हन चौघांपैकी कुणाकडेही नव्हता. तो मावशींच्या घरी होता, पण लाभार्थीकडूनच सामग्री घेणं नियमात बसत नव्हतं. त्याऐवजी कुकर चालतो, तळाशी वाळू पसरून. आल्हादने ग्वारीघाटावरून पिशवीभर वाळू आणली. ती नर्मदामाईची वाळू असल्यामुळे येणारा-जाणारा कुकरला नमस्कार करू लागला आणि गॅस पेटवायला कुणाचा हात धजेना. सातव्या बैठकीत राजश्रीताईंनी सांगितलं की भाजल्याने पदार्थातला जीव जातो. जीव राहावा म्हणून नमुना गच्चीवर उन्हात ठेवायचं ठरलं. त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. आठवा नमुना गच्चीवरच एका वानराने पूर्ण संपवला आणि ताट चाटून पुसून जागच्या जागी ठेवलं. बाहेरच्या परीक्षकाकडून मिळालेला हा पहिला अनुकूल अभिप्राय होता.

केकमधलं केळ्याचं प्रमाण आता सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलं होतं. उरलेले तीन टक्के काय होतं याची नोंद सापडत नाही.

एवढं झाल्यावर शेवटच्या बैठकीला फारसं काम उरलं नव्हतं. केळं कुस्करायचं ते इतर घटकांत मिसळावं म्हणून. इतर घटक नाहीत, तेव्हा कुस्करणं रद्द झालं. साचा कुस्करलेल्या केळ्याला आकार देण्यासाठी असतो. न कुस्करलेल्या केळ्याला आकार असतोच, म्हणून साचा रद्द झाला. साच्याला चिकटू नये म्हणून खाली कागद घालतात, त्याऐवजी केळ्याची साल चालेल का, असा प्रश्न आला. ती निसर्गतःच लावलेली असते, हे राजश्रीताईंनी दाखवून दिलं आणि विनयजींना गहिवरून आलं. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी अनेक डेव्हिएशन मंजूर केली होती, पण माल इतका निर्दोष कधी निघाला नव्हता.

तीस मेला संध्याकाळी सभागृहात साठ माणसं जमली. मावशींचं प्लास्टर आदल्याच दिवशी निघालं होतं. हाड जुळायला आणि समितीला सारखाच वेळ लागला, याबद्दल विनयजींनी प्रास्ताविकात समाधान व्यक्त केलं. मावशी निळी इरकल नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या सकाळपासून जेवल्या नव्हत्या. केकसाठी जागा ठेवली, असं त्यांनी मला येताना सांगितलं होतं.

पडदा सरकला. टेबलावर जरीचं कापड, त्यावर चांदीचं ताट, त्यात एक केळं, आणि केळ्यात खोचलेली एक मेणबत्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे पडदा सरकला की टाळ्या वाजवतात.

मावशी उठून टेबलाजवळ आल्या आणि ताटावर वाकल्या.

"काहून रे विनय," त्या हळूच म्हणाल्या, "हे तर केळं आहे."

"मावशी, हा सुधारित केक आहे," विनयजी म्हणाले. "यात असं काहीच नाही की ज्यानं तुम्हाला त्रास होईल."

मावशींनी मेणबत्ती विझवली, केळं सोललं आणि सर्वांसमोर पूर्ण खाल्लं. "चांगलं आहे. पिकलेलं आहे," त्या म्हणाल्या, आणि सालीची नीट घडी करून ताटात ठेवली. मला फार वाईट वाटलं. समितीच्या इतिवृत्तात वाईट वाटण्यासाठी रकाना नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

चार दिवसांनी अंतिम अहवालावर लाभार्थीची सही घ्यायला मी मावशींच्या घरी गेलो. दार उघडलं तर घरभर लोण्याचा वास. टेबलावर केक होता. एका बाजूला जरासा बसलेला, वरून तांबूस, कडेला अक्रोड दिसत होते.

"ये, बस," मावशी म्हणाल्या. "फेटायलाच दोन तास लागले मला. थांबून थांबून, कधी या हातानं तर कधी त्या हातानं. पण झाला बाबा."

मनगट सुजलं होतं. मावशी बशी घेऊन खिडकीशी बसल्या होत्या आणि अगदी लहान लहान घास घेत होत्या. मधेच एकट्याच हसत होत्या. त्यांनी मला एक तुकडा दिला. खोटं कशाला सांगू, पहिल्याच घासाला माझे डोळे मिटले. सात आठवडे आम्ही केकबद्दल बोलत होतो आणि केक म्हणजे काय हे मला त्या दुपारी समजलं. तरी सवय वाईट. तोंडात घास असतानाच मी वही उघडली.

"मावशी, फारच सुंदर. यात अंड्याऐवजी काय घातलं?"

"अंडं."

"आणि लोण्याऐवजी?"

"लोणी."

मी दोन्ही लिहून घेतलं. साखरेचं विचारणार तोच मावशी म्हणाल्या, "तू खा न रे मुकाट्यानं." इंजेक्शन देतानाचा तो आवाज मला ओळखीचा होता. मी वही मिटली.

निघताना त्यांनी डब्यात दोन तुकडे बांधून दिले. एक विनयजींना द्यायचा होता आणि एक, हा अहवाल जो कुणी शेवटपर्यंत वाचेल त्याला. विनयजींनी आपला तुकडा दारातच, चप्पल घालून उभ्या उभ्या खाल्ला आणि कोणत्याही परवानगीचा उल्लेख केला नाही.

वाचकांचा तुकडा तीन दिवस माझ्या फ्रिजमध्ये होता. तो मी तुम्हाला देणारच होतो. पण इथवर वाचताना तुम्ही मनातल्या मनात काय विचारत आलात याची समितीला पूर्ण कल्पना आहे. कुकरमध्ये होईल का, अंडं नको असेल तर दही चालेल का, मैदा आम्ही आणतच नाही, साखर तर डॉक्टरांनीच बंद केली आहे. (संकोच करू नका. राजश्रीताईंनीही हेच विचारलं.) आपल्या या सर्व अडचणींचा सहानुभूतीने विचार करून, या प्रकरणी वाचकाऐवजी सचिव चालेल असा ठराव काल एकमताने मंजूर झाला. त्यानुसार तुमचा तुकडा मी खाल्ला आहे. तुमच्यासाठी एक केळं काढून ठेवलं आहे, सवडीने येऊन घेऊन जावं.