तीन बोटांचं उत्तर

रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास उपासनी काका उजवा हात पुढे करून माझ्या दारात उभे राहत. डाव्या हातात रुमाल. "मास्तर, बांधा." मी त्यांची करंगळी आणि अनामिका एकत्र बांधून घट्ट गाठ मारायचो. एका हाताने स्वतःची गाठ मारता येत नाही, आणि त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. मग काका समोरच्या आपल्या खोलीत जात, उंबऱ्याशी चपला काढत आणि कॉम्प्युटरपुढे बसत.

कॉम्प्युटर म्हणजे पुठ्ठा. त्यावर स्केचपेनने आखलेला कीबोर्ड. काका नोकरीला होते त्या बँकेतला खरा कॉम्प्युटर काचेच्या गार केबिनमध्ये होता आणि तिथे सगळे चपला काढून जात, म्हणून काका पुठ्ठ्यासमोरही काढत. केबिनमध्ये त्यांना कधी कुणी बसवलं नाही. पुस्तकं वाचून जेवढं कळलं तेवढ्या भांडवलावर ते सुरतेतल्या एका मराठी साप्ताहिकात कॉम्प्युटरचं सदर लिहीत. अख्खी बिल्डिंग हसायची. मीही हसायचो.

वाचकांची पत्रं मात्र येत. शहरात नुकताच प्लेग होऊन गेलेला, त्यामुळे एकाने विचारलं, कॉम्प्युटरचा व्हायरस घरातल्यांना लागतो का? काकांनी छापलं, "लागत नाही. तरी हात धुवावेत."

बँकेत त्यांनी जन्मभर पितळी टोकनं वाटली होती. पत्र आलं की त्यावरही नंबर पडे आणि उत्तर नंबरानेच मिळे. ओळखीपाळखीचा उपयोग नाही. मी एकदा जिन्यात सहज काही विचारलं, तर म्हणाले, "बावन्न. नंबर येऊ द्या."

एकोणचाळीस नंबरपर्यंत उत्तरं झाली आणि साप्ताहिक बंद पडलं. आठवडाभर काका दिसले नाहीत. मग पहिल्यांदा रुमाल घेऊन आले. हे काय नवीन खूळ, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सत्तेचाळीस नंबरचं पत्र पुढे केलं.

"लूममध्ये उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. राहिलेल्या तीन बोटांनी कॉम्प्युटर चालवता येईल का? येत असेल तर शिकतो. खोली सारखी बदलते, पत्ता नाही. उत्तर पेपरातच द्या. नवागामचा एक वाचक."

"चार महिने रांगेत उभं केलं हो मी त्याला," काका म्हणाले.  मी गाठ मारली.

पुढे एका पाक्षिकात त्यांना राशिभविष्याशेजारी जागा मिळाली. पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं, "होय, येईल. मी स्वतः करून पाहिलं आहे." खाली कोणतं बोट कोणत्या अक्षरावर न्यायचं ते सगळं. दुसऱ्या अंकात तेच, थोडं सुधारून. तिसऱ्यातही तेच. छापखानेवाला वैतागला, "काका, आ तो पहेलां छापी दीधुं!" काका म्हणाले, "त्याने वाचलं नसेल." ते पाक्षिकही बसलं. मग लग्न जुळवणाऱ्या एका मासिकात, वधूंची यादी संपते आणि वरांची सुरू होते त्या मधल्या चौकटीत, पुन्हा तीन बोटं.

तिथून मात्र एक पोस्टकार्ड आलं. काकांनी ते मलाच वाचायला लावलं.

"मुलीसाठी मासिक घेतो, त्यात तुमचं वाचलं. तो प्रश्न माझा भाऊ सुकलाल याचा. दर आठवड्याला पेपर आणून उत्तर शोधायचा. पेपर बंद झाला तसा नाद सोडला आणि पलसाण्याला रंगाच्या कारखान्यात लागला. तिथे बॉयलर फुटला, त्यात तो गेला. मना भाऊ आते नही शे."

काकांनी पोस्टकार्ड परत घेतलं. मग म्हणाले, "सातच नंबर राहिले होते मध्ये."

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग आला. त्या टोकनांचा, त्या शिस्तीचा. पण समोर जो माणूस बसला होता त्याच्यावर रागावणं जमेना.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता हात पुढे आलाच. आता कशाला, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. गाठ मारली आणि मागोमाग त्यांच्या खोलीत गेलो, चपला काढून.

तीन बोटं पुठ्ठ्यावर हळूहळू फिरत होती. इतक्या दिवसांत अक्षरांच्या जागा मलाही पाठ झाल्या होत्या. एस. यू. के. एल. ए. एल.

पुठ्ठ्यावर काही उमटत नाही. काकांनी बोटं उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.